कॅल्शियम आत येणं आणि आत येत राहणं: टी सेलचे आयन चॅनेल आणि मायटोकाँड्रिया

प्रश्नात तीन गोष्टी एकदम विचारल्यात. एक, आयन चॅनेल, म्हणजे सेलच्या पडद्यातली आयन आत-बाहेर सोडणारी दारं, म्हटलं की नर्व्ह आणि हार्ट डोळ्यासमोर येतं, मग इम्यून सेलमध्ये त्यांचं काय काम? दोन, एम.एस्सी. प्रोजेक्टमध्ये जर्काट सेल्सना (लॅबमध्ये वाढवतात ती टी सेलची लाइन) थॅप्सिगार्जिन (सेलच्या आतला कॅल्शियमचा साठा रिकामा करणारं औषध) देऊन कॅल्शियम एंट्री मोजत होते, त्यात एफसीसीपी टाकून मायटोकाँड्रिया बंद केले तर बाहेरून येणारं कॅल्शियमच कमी झालं, गाईड म्हणतात एटीपी, म्हणजे सेलचं इंधन, संपलं असेल, ते बरोबर का? आणि तीन, या सगळ्याचा पेशंटशी काही संबंध आहे की हे फक्त पेपरपुरतं?

माझं बरंचसं काम फ्लो सायटोमीटरवर आणि कॅल्शियमच्या डायवर गेलंय, त्यामुळे दुसरा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्हाला जे दिसलं ते अगदी खरं आहे आणि लॅबमध्ये बहुतेक जण ते "सेल मेल्या असतील" म्हणून सोडून देतात. आधी थोडक्यात उत्तर देतो. टी सेलमध्ये, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या एका पांढऱ्या पेशीत, कॅल्शियम आत येणं सोपं आहे, बाहेर ते भरपूर आणि आत जवळजवळ नाहीच, चॅनेल उघडलं की येणारच. अवघड आहे ते तासन् तास आत येत राहणं. पोटॅशियमची चॅनेल्स आणि मायटोकाँड्रिया दोघंही या येत राहण्यासाठी राबतात, आणि तुमच्या एक्सपेरिमेंटमध्ये बहुधा तेच तुटलंय. आता नीट सांगतो.

आकडे बघा. रक्तात मोकळं, म्हणजे आयनाइज्ड, कॅल्शियम साधारण १.२ मिलिमोलर असतं. शांत बसलेल्या टी सेलच्या सायटोसोलमध्ये, म्हणजे आतल्या द्रवात, ते १०० नॅनोमोलरच्या आसपास असतं. म्हणजे दहा हजार पटींहून जास्त फरक झाला. शिवाय सेलची आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण ५० ते ६० मिलिव्होल्टने निगेटिव्ह, त्यामुळे दोन पॉझिटिव्ह चार्ज घेऊन फिरणारा कॅल्शियमचा आयन आत खेचला जातो. (जाता जाता, कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन इम्युनिटी वाढते का हे मला घरचेही विचारतात. नाही वाढत. रक्तातलं कॅल्शियम शरीर पॅराथायरॉइड हॉर्मोनच्या मदतीने फार घट्ट धरून ठेवतं आणि टी सेलला बाहेर कधीच तुटवडा नसतो, अडचण असते ती चॅनेलची. गोळ्या हाडांसाठी, डॉक्टरांनी सांगितल्या तर घ्या.)

आता पोटॅशियम. पॅच क्लॅम्प ही टेक्निक नेहर आणि साकमान यांनी आणली, १९९१ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. टी सेल म्हणजे सात-आठ मायक्रॉनची, जवळजवळ सगळी न्यूक्लियसनेच भरलेली, तिच्यावर काचेची पिपेट चिकटवून करंट मोजायचा हे त्या काळात धाडसच होतं. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात डीकोर्सी, जॉर्ज चंडी, सुधीर गुप्ता आणि कॅहलन यांनी ते केलं आणि माणसाच्या टी सेलवर व्होल्टेजने उघडणारं पोटॅशियम चॅनेल सापडलं, जे तोपर्यंत लोक नर्व्हमध्येच शोधत होते. ते चॅनेल ब्लॉक करणारी औषधं टाकली तर टी सेलचं डिव्हिजनही थांबत होतं. आज त्याला केव्ही १.३ म्हणतात.

पोटॅशियम बाहेर जाण्याचा आणि सेल वाढण्याचा संबंध काय? तर चार्जचा हिशोब. प्रत्येक कॅल्शियम आयन आत येताना दोन पॉझिटिव्ह चार्ज आणतो, असे थोडे आयन आले की आतलं निगेटिव्ह व्होल्टेज उतरायला लागतं, आणि ते उतरलं की पुढच्या कॅल्शियमला आत खेचणारा जोरच कमी होतो. केव्ही १.३ नेमकं याच वेळी उघडतं कारण त्याला व्होल्टेज उतरलेलं कळतं, आणि त्याच्या जोडीला केसीए ३.१ नावाचं दुसरं चॅनेल आहे ते आत कॅल्शियम वाढलं की उघडतं, दोघांतून पोटॅशियम बाहेर जातं, आतली बाजू परत निगेटिव्ह होते आणि कॅल्शियम येत राहतं. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की टी सेल या चॅनेल्समधून नर्व्हसारखे झटपट इम्पल्स पाठवत नाही, ती त्यांच्या जोरावर एक मंद करंट तासन् तास चालू ठेवते.

कॅल्शियमचं चॅनेल कुठलं, हे मात्र खूप उशिरा कळलं. क्रम असा आहे. टी सेल रिसेप्टरला अँटिजेन (जंतूचा ओळखू येणारा तुकडा) भेटलं की एलसीके, झॅप-७० अशा एन्झाइम्सच्या साखळीतून फॉस्फोलायपेज सी गॅमा जागा होतो, तो आयपी३ नावाचा छोटा निरोप्या रेणू बनवतो, आयपी३ जाऊन ईआरवरचं (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, सेलमधली कॅल्शियमची कोठी) चॅनेल उघडतो आणि ईआरमधला साठा सायटोसोलमध्ये सांडतो. हा साठा लहान आहे, तेवढ्यावर टी सेलचं भागत नाही. पण साठा रिकामा होणं हाच पुढचा सिग्नल असतो. साठा रिकामा झाला की बाहेरचं दार उघडतं ही कल्पना जेम्स पटनी यांनी १९८६ मध्ये मांडली, होथ आणि पेनर यांनी १९९२ मध्ये मास्ट सेलमध्ये तो करंट मोजला आणि त्याला क्रॅक करंट हे नाव पडलं, पण प्रोटीन कोणतं ते कुणालाच सापडत नव्हतं. या चॅनेलमधून जाणारा करंट इतका बारीक की एकेका चॅनेलचा थेट दिसतच नाही, सगळ्या सेलचा मिळून मोजावा लागतो. शेवटी २००५ मध्ये स्टिम-१ सापडलं, ते ईआरच्या मेंब्रेनमध्ये बसून आतलं कॅल्शियम जोखतं, कमी झालं की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि प्लाझ्मा मेंब्रेनला, म्हणजे सेलच्या बाहेरच्या पडद्याला, अगदी लागून, १० ते २५ नॅनोमीटरवर, येऊन थांबतात. २००६ मध्ये ऑराय-१ सापडलं, तेच बाहेरचं दार. ते ज्यांच्यामुळे सापडलं त्या मुलांकडे शेवटी येतो कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे.

इतका वेळ कॅल्शियम चालू का ठेवायचं? कारण एनफॅट, जीन्स चालू करणारं एक प्रोटीन. कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिनमार्फत कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फेटेज चालू होतं, ते एनफॅटवरचे फॉस्फेट काढतं आणि मग एनफॅट न्यूक्लियसमध्ये शिरून आयएल-२ सारखी, टी सेलला वाढायला लावणारी, जीन्स चालू करतं. पण कॅल्शियम खाली आलं की काही मिनिटांत कायनेजेस एनफॅटवर परत फॉस्फेट चढवतात आणि ते बाहेर फेकलं जातं. काम तासांचं आणि परवाना मिनिटांचा, त्यामुळे कॅल्शियम तुटून चालत नाही. १९९७ मध्ये डॉल्मेच आणि लुईस यांच्या गटाने बी सेलमध्ये फार सुंदर गोष्ट दाखवली: कॅल्शियमची एक मोठी पण छोट्या वेळाची उसळी दिली तर एनएफ-कप्पा-बी आणि जेएनके हे दुसरे सिग्नल चालू होतात, आणि कमी उंचीचं पण टिकून राहणारं कॅल्शियम दिलं तर एनफॅट चालू होतं. आयन तोच, पण त्याच्या ग्राफचा आकार बदलला की सेलला कळणारा अर्थ बदलतो. म्हणून माझं विद्यार्थ्यांना सांगणं असतं की फक्त पीक व्हॅल्यू रिपोर्ट करू नका, पूर्ण ट्रेस दाखवा, प्लॅटो, म्हणजे पीकनंतरची सपाट पातळी, किती वेळ टिकला ते लिहा.

ज्यांच्या घरात कुणाची किडनी ट्रान्सप्लांट झालीये त्यांना टॅक्रोलिमस माहीत असतं, सकाळच्या डोसच्या आधी रक्त देऊन लेव्हल बघायची असते. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन दोन्ही याच ठिकाणी घाव घालतात, कॅल्सिन्युरिन अडवतात, हे १९९१ मध्ये कळलं, म्हणजे सायक्लोस्पोरिन वापरात येऊन बरीच वर्षं झाल्यावर. कॅल्शियम आत येतंय पण निरोप न्यूक्लियसपर्यंत पोचत नाही, म्हणून टी सेल नव्या किडनीवर हल्ला करत नाही.

आता मायटोकाँड्रियाकडे. शाळेपासून पॉवरहाउस म्हणून शिकवलंय ते खोटं नाही, पण टी सेलच्या कॅल्शियममध्ये त्यांचं पहिलं काम वेगळं आहे. ऑराय-१ ला एक खोड आहे, त्याच्या आतल्या तोंडाशी कॅल्शियम साचलं की ते स्वतःच बंद होतं. सेलला ओव्हरलोडपासून वाचवायला ही सोय ठीक आहे, पण सिग्नल टिकवायचा असेल तर आड येते. बाजार समितीच्या गेटवर जसं असतं, आत उतरवलेला माल हमालांनी हलवला नाही तर गेट बंद करावंच लागतं आणि मागच्या गाड्या रस्त्यावर अडतात, तसं हे आहे, आणि इथले हमाल म्हणजे मायटोकाँड्रिया. ते जवळ येऊन साचणारं कॅल्शियम आत ओढून घेतात, नंतर हळूहळू सोडियमच्या बदल्यात सायटोसोलमध्ये सोडतात, आणि ऑराय उघडं राहतं. स्टॅनफर्डमध्ये होथ, फँगर आणि लुईस यांनी १९९७ मध्ये टी सेलमध्ये हेच दाखवलं, मायटोकाँड्रियाचं कॅल्शियम घेणं बंद पाडलं तर सुरुवातीचं कॅल्शियम वर जातं पण टिकत नाही, प्लॅटो घसरतो. तुमचा ट्रेस मी बघितलेला नाही, पण तुम्ही लिहिलंय की "आधी वर गेलं, मग कंट्रोलपेक्षा खाली बसलं", म्हणजे चित्र तेच आहे.

इथे एक बारकावा आहे तो वायवाला विचारतात. ऑरायचं बंद होणं दोन प्रकारचं असतं. एक खूप वेगाचं, काही मिलिसेकंदांतलं, ते चॅनेलच्या तोंडापासून काही नॅनोमीटरवर घडतं आणि तिथे मायटोकाँड्रिया काहीच करू शकत नाहीत, ईआर आणि प्लाझ्मा मेंब्रेनच्या मधल्या त्या फटीत ते मावतही नाहीत. दुसरं सावकाश, दहा-वीस सेकंदांपासून पुढे जाणवणारं, ते आसपासच्या कॅल्शियमवर चालतं, आणि मायटोकाँड्रिया वाचवतात ते यापासून. दोन्ही एकत्र करून "मायटोकाँड्रिया इनॅक्टिव्हेशन थांबवतात" असं सरसकट लिहू नका.

मायटोकाँड्रिया ज्या दारातून कॅल्शियम घेतात ते एमसीयू. मायटोकाँड्रिया कॅल्शियम घेतात हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं, पण जीन २०११ मध्ये सापडलं, तेही दोन गटांना एकाच वेळी, बॉस्टनमध्ये वंसी मूथा यांच्या आणि इटलीत पादुआला रिझुतो यांच्या. पन्नास वर्षं फंक्शन माहीत आणि नाव नाही. एमसीयूची कॅल्शियमची ओढ तशी कमी आहे, सायटोसोलमधल्या सरासरी कॅल्शियमवर ते फारसं हलत नाही, त्याच्या दाराशी मायक्यू-१ नावाचं प्रोटीन राखण करतं आणि कॅल्शियम पुरेसं चढल्याशिवाय आत सोडत नाही. म्हणून मायटोकाँड्रिया कुठे उभे आहेत याला फार महत्त्व आहे. टी सेल जेव्हा अँटिजेन दाखवणाऱ्या सेलला चिकटते तेव्हा मायटोकाँड्रिया मायक्रोट्यूब्यूलवरून सरकत त्या जोडाकडे, म्हणजे इम्यून सिनॅप्सकडे, येतात. होथ यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं की ही हालचाल झाली नाही तर टी सेल नीट अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. मायक्रोस्कोपखाली हे मिनिटांत डोळ्यांसमोर घडताना दिसतं, ज्यांना शक्य असेल त्यांनी एकदा जरूर बघा, सेलचा अर्धा भाग मोकळा होतो आणि सगळी चमक सिनॅप्सच्या बाजूला गोळा होते.

तर गाईडचा मुद्दा, एटीपी. त्यांचा संशय रास्त आहे आणि तो तपासलाच पाहिजे, पण मला ते कारण पटत नाही, आणि का ते सांगतो. तुम्ही थॅप्सिगार्जिन दिलंय म्हणजे ईआरमध्ये कॅल्शियम परत भरणारा सर्का पंप आधीच बंद आहे, साठा रिकामा आहे, स्टिम-१ जागेवर आहे, त्यामुळे एफसीसीपीमुळे साठ्यात काही बदल झाला असं म्हणताच येत नाही. मग एटीपी कमी झाल्याचा परिणाम उरतो तो प्लाझ्मा मेंब्रेनवरच्या कॅल्शियम पंपावर, जो कॅल्शियम बाहेर फेकतो. तो मंदावला तर आतलं कॅल्शियम वाढायला पाहिजे. तुमचं कमी झालंय. शिवाय जर्काट ही ल्युकेमियाची लाइन, ग्लुकोज असेल तर ग्लायकोलिसिसवर आरामात तग धरते.

पण नुसत्या एफसीसीपीवर निष्कर्षही काढू नका. एफसीसीपी मायटोकाँड्रियापुरतं थांबत नाही, प्लाझ्मा मेंब्रेनमधूनही प्रोटॉन नेतं, सेल आतून अ‍ॅसिडिक होते आणि व्होल्टेजही ढळतं, आणि व्होल्टेज ढळलं तर कॅल्शियम कमी येणारच, वर पोटॅशियमचं सांगितलं तेच. त्यामुळे दुसऱ्या वाटेने करून बघा: अँटिमायसिन आणि ओलिगोमायसिन एकत्र. अँटिमायसिन रेस्पिरेटरी चेन थांबवतं, आणि ओलिगोमायसिन यासाठी की चेन थांबली की एटीपी सिंथेज उलटा फिरून एटीपी खातो आणि मायटोकाँड्रियाचं व्होल्टेज धरून ठेवतो, तो उलटा फिरणं बंद झालं पाहिजे. यात एटीपीही वाचतं आणि मायटोकाँड्रियाचं व्होल्टेजही पडतं, म्हणजे गाईडच्या शंकेला त्यातच उत्तर मिळतं. सोबत ल्युसिफरेज किटवर त्याच सेल्सचं एटीपी मोजा, फार तर अर्धा दिवस जाईल. पुढे जमलं तर एमसीयूचा नॉकडाउन करा, म्हणजे त्याचं जीन दाबून टाका, तो सगळ्यात स्वच्छ पुरावा. रुथेनियम रेड वापरू नका, ते अखंड सेलच्या आत धड जात नाही आणि बाकीचीही बरीच चॅनेल्स अडवतं. ऑराय अडवायला टू-एपीबी वापरणार असाल तर डोस जपून, कमी डोसला ते करंट वाढवतं आणि ५० मायक्रोमोलरच्या आसपास अडवतं, एकाच औषधाचे दोन उलटे परिणाम एकाच प्लेटवर दिसतील. आणि मायटोकाँड्रियातलं कॅल्शियम बघायला रोड-२ डाय लोड करत असाल तर लक्षात ठेवा की ती डाय मायटोकाँड्रियात जमते ती त्यांच्या निगेटिव्ह व्होल्टेजमुळे, एफसीसीपी दिलं की डायच बाहेर गळते आणि तुम्हाला वाटतं कॅल्शियम कमी झालं.

अजून एक सापळा सायक्लोस्पोरिनचा. ते कॅल्सिन्युरिन अडवतं हे वर आलंच, त्यासाठी ते सायटोसोलमधल्या सायक्लोफिलिन नावाच्या प्रोटीनला धरतं, पण मायटोकाँड्रियात सायक्लोफिलिन डी आहे त्यालाही ते धरतं आणि कॅल्शियम ओव्हरलोडमध्ये उघडणारं पर्मिएबिलिटी ट्रान्झिशन पोअर लांबवतं, ज्यातून पुढे सेल मरते. म्हणजे सायक्लोस्पोरिनने सेल वाचल्या तर नक्की कशामुळे वाचल्या ते कळत नाही. टॅक्रोलिमस सायक्लोफिलिनला धरत नाही, एफकेबीपी-१२ ला धरतं, म्हणून शेजारच्या वेलमध्ये टॅक्रोलिमस ठेवा, लगेच उलगडा होतो.

मायटोकाँड्रियात गेलेलं कॅल्शियम नुसतं पडून राहत नाही हेही खरं. तिथे ते पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज (त्याच्या फॉस्फेटेजमार्फत), आयसोसिट्रेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइम्सना वेग देतं, एनएडीएच वाढतं, आणि सोबत थोडे रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजनचे रेणूही निघतात. हे रेणू म्हणजे सरसकट नुकसान असं समजायची सवय आपल्याला आहे, पण २०१३ मध्ये चंडेल यांच्या गटाने उंदरांच्या टी सेलमध्ये दाखवलं की रेस्पिरेटरी चेनच्या कॉम्प्लेक्स थ्रीमधून येणारे हे रेणू नसतील तर एनफॅट आणि आयएल-२ नीट चालू होत नाहीत. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितकी इम्युनिटी चांगली असं जाहिरातीत सांगतात, तिथे हे आठवा.

तरी सगळं श्रेय एमसीयूला देऊ नका. २०१३ मध्ये एमसीयू पूर्ण काढलेले उंदीर बनवले तर ते जिवंत राहिले आणि विश्रांतीत बऱ्यापैकी ठणठणीत होते, ज्याची कुणीच अपेक्षा केली नव्हती. जन्मापासून एखादी गोष्ट नसेल तर शरीर दुसरी वाट काढतं, आणि अचानक बंद केली तर सेल अडते, त्यामुळे तुमच्यासारखे अचानक बंद करण्याचे एक्सपेरिमेंट आणि नॉकआउट यांचे निकाल जुळले नाहीत तर घाबरू नका, दोन्ही लिहा.

मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या इम्यून सेलमध्ये, तर गणित उलटं दिसतं. व्हर्जिनिया विद्यापीठात बिमल देसाई यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या मॅक्रोफेजमध्ये मायटोकाँड्रिया कॅल्शियम कमी घेतात, त्यामुळे ते सायटोसोलमध्ये रेंगाळतं आणि जळजळ करणारे सिग्नल, म्हणजे इन्फ्लमेशन, गरजेपेक्षा जास्त वाढतात. टी सेलमध्ये मायटोकाँड्रिया थकले तर सिग्नल कमी, मॅक्रोफेजमध्ये थकले तर आग जास्त. मला हे वाचून म्हाताऱ्या माणसांचं चित्र आठवलं, लस नीट लागत नाही पण सांधे मात्र सुजलेले. माणसांमध्ये कारण हेच असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण विचार करायला चांगली जागा आहे. मॅक्रोफेजमध्ये पोटॅशियमचंही तसंच, तिथे आतलं पोटॅशियम एकदम उतरणं हा धोक्याचा इशारा समजला जातो, एनएलआरपी३ इन्फ्लमासोम ही सूज पेटवणारी यंत्रणा त्यानेच चालू होते आणि आयएल-१ बीटा हा सुजेचा निरोप बाहेर पडतो. ट्यूमरमध्ये उलट बाजूने घडतं: मेलेल्या सेल्समधून सांडलेलं पोटॅशियम टी सेलच्या भोवती साचतं आणि तिला दाबून टाकतं. हे २०१६ मध्ये रेस्टिफो यांच्या गटाने दाखवलं, आणि त्याच टी सेलमध्ये केव्ही १.३ जास्त बनवून दिलं तर ती पुन्हा लढायला लागली.

औषधांचं थोडक्यात. ऑटोइम्यून आजारात जी इफेक्टर मेमरी टी सेल (आधीची ओळख लक्षात ठेवून लगेच हल्ला करणारी) त्रास देते ती केव्ही १.३ वर जास्त विसंबते, म्हणून फक्त तिला दाबायचं आणि बाकीची इम्युनिटी सोडायची अशी कल्पना आहे. कॅरिबियनमधल्या एका सी अ‍ॅनिमोनीच्या विषावरून बनवलेलं डॅलाझाटाइड सोरायसिसच्या छोट्या ट्रायलपर्यंत गेलंय. आपल्याकडच्या लोकांना जास्त ओळखीचं उदाहरण क्लोफाझिमिन, कुष्ठरोगाच्या एमडीटीमधलं (अनेक औषधांच्या एकत्र उपचारातलं) ते औषध ज्याने कातडी काळपट-तांबूस होते. लेप्रा रिअ‍ॅक्शनमधली सूज ते कमी करतं हे डॉक्टरांना दशकानुदशकं माहीत होतं, आणि २००८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवलं की ते टी सेलचं केव्ही १.३ अडवतं आणि कॅल्शियमची ये-जा बिघडवतं. जंतूंवरचा त्याचा परिणाम वेगळा, पण सुजेवरच्या गुणाला यातून एक कारण तरी मिळालं.

आता ती मुलं. जर्मनीत दोन भावांना जन्मापासून भयंकर इन्फेक्शन्स होत होती, १९९६ मध्ये त्यांच्यावर पेपर आला. गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की त्यांच्या रक्तात टी सेलचा काउंट नॉर्मल होता. सेल होत्या पण त्या काम करत नव्हत्या, एनफॅट चालू होत नव्हतं, बाहेरून कॅल्शियमच येत नव्हतं. स्टेफान फेस्के यांनी ते सोडलं नाही, अंजना राव यांच्या लॅबमध्ये त्याच सेल्स आणि कुटुंबाचं डीएनए घेऊन शोध चालू ठेवला आणि दहा वर्षांनी २००६ मध्ये कारण सापडलं, ऑराय-१ मध्ये ९१ व्या जागेवर आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन. एक अमिनो अ‍ॅसिड बदललं आणि चॅनेल बंद. दुनियाभर शोधत असलेलं क्रॅक चॅनेल या घरातल्या मुलांमुळे सापडलं.

अशी मुलं इथेही जन्मू शकतात, नात्यात लग्न होणाऱ्या घरांत शक्यता जास्त. म्हणून मुलांच्या डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना कळकळीने सांगतो. बाळाला वारंवार गंभीर इन्फेक्शन, सीबीसीमध्ये लिम्फोसाइट ठीक, सीडी३, म्हणजे टी सेलचा, काउंटही ठीक, म्हणून "इम्युनिटी नॉर्मल" असं लिहून मोकळं होऊ नका. बाळ अंगाने ढिलं आहे का, मान धरायला उशीर झाला का, उन्हात घाम न येता अंग तापतं का, हे आईला विचारा, ऑराय-१ आणि स्टिम-१ दोन्हींच्या दोषात हे सापडतं. थोड्या मोठ्या मुलाच्या दातांचं एनॅमल बघा. शंका आली तर काउंटच्या पुढे जाऊन फंक्शन टेस्ट मागा, पीएचएला (टी सेलला वाढायला लावणारा पदार्थ) टी सेल वाढतात का आणि कॅल्शियम फ्लक्स, म्हणजे कॅल्शियम आत येतं का. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे, प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीचं निदान हे त्यांचं नेहमीचं काम आहे. आपल्याकडे बीसीजी जन्मताच देतात आणि ती जिवंत लस आहे, त्यामुळे असं बाळ घरात आधी गेलं असेल तर पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधी तपासणी झालीच पाहिजे.

सॅम्पल पाठवताना हेपरिनच्या ट्यूबमध्ये पाठवा, ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं. त्याच बॉक्समध्ये त्याच वेळी काढलेलं एका निरोगी माणसाचं रक्त पाठवा, प्रवासात सेल्स दमतात आणि तो कंट्रोल नसेल तर निकालाला अर्थ राहत नाही. लॅबमध्ये डाय लोड झाल्यावर आधी बेसलाइन, मग अँटी-सीडी३ (टी सेल रिसेप्टर जागं करणारी अँटिबॉडी), शेवटी आयोनोमायसिन (रिसेप्टर टाळून कॅल्शियम वाढवणारं रसायन) असा क्रम असतो. इथे एक गोष्ट नेहमी चुकते: कमी डोसचं आयोनोमायसिन स्वतःही ईआरचा साठा रिकामा करून ऑरायमधूनच कॅल्शियम आत आणतं, म्हणून या बाळांमध्ये "पॉझिटिव्ह कंट्रोल"सुद्धा फेल जातो आणि टेक्निशियन डाय खराब म्हणून रन फेकून देतो. निरोगी सॅम्पलमध्ये त्याच डायने लाइन वर गेली असेल तर डाय चांगली आहे, थॅप्सिगार्जिन आणि कॅल्शियम अ‍ॅड-बॅक करून बघा. साठ्याचा छोटा उंचवटा दिसेल, आणि बाहेर कॅल्शियम टाकल्यावर लाइन सपाटच राहील. तसं दिसलं तर लगेच जीन टेस्ट.

उपचार म्हणजे बोन मॅरो किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट, तो वेळेत झाला नाही तर यातली बहुतेक मुलं लहानपणीच इन्फेक्शनने जातात. ट्रान्सप्लांटने टी सेल नव्या येतात आणि इन्फेक्शन आटोक्यात येतं, पण ऑराय-१ स्नायूत, घामाच्या ग्रंथीत आणि दात बनवणाऱ्या सेल्समध्येही लागतं आणि त्या सेल्स बाळाच्या जुन्याच राहतात. म्हणून ट्रान्सप्लांट यशस्वी झाला तरी आईवडिलांना आधीच सांगून ठेवा की फिजिओथेरपी चालू ठेवावी लागेल, दातांच्या डॉक्टरांकडे लवकर दाखवावं लागेल, आणि एप्रिल-मेमध्ये मुलाला दुपारी बाहेर काढायचं नाही, ओल्या कपड्याने अंग पुसत राहायचं, कारण त्याला घाम येणार नाही.